अडतीसच तर आहे

त्या मे महिन्यात बारामतीतली माणसं उन्हाळ्यावर नाराज होती. पारा चढत नव्हता म्हणून.

मागच्या उन्हाळ्यात बेचाळीस झालं होतं, हे सांगताना आमच्याकडच्या माणसाची छाती अशी फुगते की ते बेचाळीस त्यानं स्वतः राबून पिकवलंय असं वाटावं. यंदा मोबाईल अडतीस दाखवत होता, एखाद्या दिवशी सदतीस. आकडा लहान म्हणजे उन्हाळा बारका, इतका सरळ हिशोब. मंडईत मेथीची जुडी उचलताना कपाळावरचा घाम जुडीवर गळत होता, सदऱ्याची पाठ अंगाला चिकटून आतला बनियन दिसत होता, आणि त्याच अवस्थेत माणसं एकमेकांना सांगत होती, "यंदा ऊन न्हाय एवढं."

मला अशा माणसांचा राग येत नाही. राग यायला समोरच्याबद्दल थोडीफार आशा लागते.

आमचा भाग मुळात कोरडा. लहानपणी उन्हाळ्यात ओठ फुटायचे, पण घाम कधी जाणवायचा नाही, येईल तसा वाळून जायचा. आता कालव्याला पाणी सुटलेलं, दोन्ही अंगांना नजर पोचेल तिथवर ऊस, इंदापूरच्या बाजूला धरणाचं पाणी पसरलेलं, आणि त्यात यंदा कुठल्या तरी समुद्रावरनं आलेले ढग आकाशात नुसते बसून राहिले होते. पडत नव्हते, जात नव्हते. दोरीवरचे कपडे दुसऱ्या दिवशीही ओलसर. मिठाच्या बरणीत पाणी सुटलेलं. आमचा फ्लॅट सगळ्यात वरचा, डोक्यावर तापलेली स्लॅब. पंखा फिरायचा म्हणजे फक्त गरम वाफ ढवळून निघायची. आंघोळ करून टॉवेलनं अंग पुसलं तरी ते कोरडं व्हायचंच नाही. कुठलं पाणी आंघोळीचं आणि कुठलं घामाचं, हे ठरवायच्या आत साडी नेसून कॉलेज गाठायचं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. इतकी वर्षं मुलांना आर्द्रता शिकवली, तेव्हा एकदा घरीच बघावं म्हणून दोन साधे काचेचे तापमापक आणले आणि गॅलरीत सावलीला शेजारी शेजारी टांगले. एकाच्या फुग्याला जुन्या मलमलीचा तुकडा गुंडाळला आणि त्याचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं. यात काही मोठी विद्या नाही. ओलं कापड वाळताना गार होतं, माठ गार होतो तसं. हवा कोरडी असली की कापड भराभर वाळतं आणि तो ओला पारा शेजारच्या कोरड्यापेक्षा पुष्कळ खाली उतरतो. हवेतच पाणी भरलेलं असलं की कापड वाळत नाही, पारा उतरत नाही. आपली कातडी म्हणजेही एक ओलं कापडच. ओला पारा जितका वर, तितका आपला घाम फुकट.

खऱ्या कोरड्या बेचाळिसाला ओला पारा बाविशीच्या आसपास राहतो. यंदाच्या ह्या गरीब अडतिसाला तो अठ्ठाविसावर जाऊन बसला होता. म्हणजे लोक ज्याला बारका उन्हाळा म्हणत होते तो माणसाच्या अंगाला मागच्यापेक्षा वाईट होता. मी हे आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांना सांगितलं. ते निवृत्त अधिकारी, रोज दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर मोबाईलच्या तापमानाचा फोटो टाकायचे आणि खाली नमस्काराचे हात जोडायचे. गॅलरीत येऊन त्यांनी दोन्ही तापमापकांकडं चष्मा वर करून पाहिलं.

"मॅडम, ओलं फडकं लावल्यावर तो कमी दाखवणारच की," ते म्हणाले. "माझ्या मोबाईलवर डायरेक्ट सॅटेलाइटवरनं येतं."

एवढं बोलून त्यांनी त्या फडक्यानंच पुसावा लागेल इतका कपाळावरचा घाम बाहीनं पुसला आणि खाली गेले.

नवऱ्याला सांगितलं तर तो नेहमीसारखा म्हणाला, "जाऊ दे ना." एमआयडीसीतून मोटरसायकलवर घरी यायचा तेव्हा हेल्मेट काढल्यावर केसांतून पाणी ओघळायचं. पण जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्याचं मत हे तीनच शब्दांचं असतं.

याच दिवसांत माझे थोरले दीर मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. मूळचे आम्ही कळंबचे. दिरांनी रस्त्यांची कंत्राटं घेऊन बारामतीत बंगला बांधला आणि तेव्हापासून त्यांना कुणी काही शिकवायचं उरलं नाही. त्यांची मुलगी, माझी पुतणी, अकरावी-बारावीला माझ्याच वर्गात होती. आता पुण्याला नोकरी करते. नवरामुलगा इंदापूरकडचा, तोही पुण्यातच, दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलेलं. दोघांना दिवाळीनंतर साधं लग्न हवं होतं. दिरांना मे महिना हवा होता, कारण पाहुण्यांच्या पोरांना सुट्ट्या असतात आणि गर्दी होते.

गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या बसल्या त्यांची नजर तापमापकांवर गेली.

"मास्तरीणबाई, हे काय टांगलंय? दृष्ट लागू नये म्हनून?"

"ताप मोजायला, भाऊजी."

"कुणाला ताप आलाय?"

स्वतःच्या विनोदावर ते बराच वेळ हसले. माझी जाऊ शेजारी बसली होती, ती हसली नाही. ती फारशी बोलतच नाही. पदरानं मान पुसत होती.

मग कार्यालयाचं वर्णन सुरू झालं. एमआयडीसीच्या रस्त्याला नवीन झालंय, पार्किंग एवढं, स्टेज एवढं. "आन् सगळं एसी," ते म्हणाले.

"एसी आहे की कूलर?"

"कूलरच हायेत, पर जम्बो. ट्रकभर. शिवाय पाण्याचं फवारं मारणारं पंखं. आत शिरलं की म्हाबळेश्वर."

पुतणीनं मला आधीच फोन केला होता. "काकू, तुम्ही सांगा ना पप्पांना. माझं कुणी ऐकत नाही." म्हणून मी सांगितलं. कूलर कोरड्या हवेत गार करतो, दमट हवेत तो फक्त आणखी पाणी मिसळतो. त्यात बंद मांडव आणि हजारो माणसांचा श्वास आणि घाम. कूलर नकोत, साधे मोठे पंखे लावा, बाजूचे पडदे उघडे ठेवा, आणि लग्न वेळेवर लावा.

"पडदं उघडं ठेवलं तर गार हवा भाईर जाती," ते म्हणाले.

"ती गार नसते. ओली असते."

"आन् ड्रोनवाल्याला लायटिंग बसत न्हाय. त्यानं सांगितलंय, पडदं बंदच पायजेत." मग त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू मी शिकवणीची फी मागायला आलेय. "तुमचं पुस्तक ऱ्हाऊ द्या, मास्तरीणबाई. मी उन्हात डांबर टाकून मोठा झालोय. आडतीस म्हंजी काय ऊन हाय व्हय?"

डांबर टाकणारी माणसं वेगळी होती. दीर काचा वर केलेल्या गाडीत बसून त्यांना बघत होते. मी चहा टाकायला आत गेले.

लग्नाच्या दिवशी निघताना मी दोन्ही तापमापक टॉवेलात गुंडाळून पर्समध्ये टाकले. नवरा म्हणाला, "लग्नाला चाललोय आपण." मी म्हटलं, "जाऊ दे ना."

कार्यालय म्हणजे वर पत्रा, पत्र्याखाली पांढरं-गुलाबी कापड, आणि चारही बाजूंना जमिनीपर्यंत जाड पडदे, नायलॉनच्या दोऱ्यांनी खांबांना आवळून बांधलेले. बाहेर झाडाच्या सावलीत मी पारा पाहिला: अडतीस आणि अठ्ठावीस, गॅलरीत होता तसाच. मग आत गेले. दारातून आत पाय टाकल्यावर क्षणभर खरंच बरं वाटलं. सगळ्यांना तो एकच क्षण आठवत राहतो आणि त्यावरच ते मत बनवतात. पाचव्या मिनिटाला माझ्या चष्म्याच्या काचांवर वाफ धरली.

फवाऱ्याचे पंखे मांडवभर धुकं सोडत होते. माणसं दाटीवाटीनं बसलेली. बायकांच्या भरजरी साड्या, पुरुषांच्या डोक्यांवर फेटे. मानाचा म्हणून फेटा, आणि फेट्याखालून घामाच्या धारा कॉलरमध्ये. पुढच्या रांगेत सत्कार चालू होते. एकेका पाहुण्याला स्टेजवर बोलावून, मे महिन्यात, त्या वाफेत, खांद्यावर जाड शाल घातली जात होती. आणि माणूस ती अंगावर तशीच ठेवून खाली येत होता, कारण काढून ठेवली तर ती घालणाऱ्याचा अपमान. मी एका म्हाताऱ्या पाहुण्यांना म्हटलं, "आजोबा, शाल काढून ठेवा." ते म्हणाले, "आसू दे, घरी दावायचीय."

मी कूलरपासून लांब, खांबाला दोन्ही तापमापक अडकवले, मलमल ओली केली, आणि पदरानं वारा घालत थोडा वेळ थांबले. कोरडा पारा पस्तिसापर्यंत खाली आला. ओला चढत चढत एकतिसावर गेला. शिकवण्याच्या इतक्या वर्षांत मी हे दोन आकडे इतके जवळ उन्हाळ्यात कधी पाहिले नव्हते. हा मांडव नव्हता, इडलीपात्र होतं.

दीर तिथूनच चालले होते. अंगात जोधपुरी कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, डोक्यावर सगळ्यात उंच फेटा. पहाटेपासून ते धावत होते. मी त्यांना थांबवलं.

"भाऊजी, हे बघा."

त्यांनी वाकून पाहिलं, तोही कोरडाच. "बघा! भाईर आडतीस, आत पस्तीस. काय म्हनलं हुतं मी?"

"दुसरा बघा."

"दुसरा कशाला बघू? एक बघितला की."

"निदान कोट तरी काढा. आणि पडदे उघडायला सांगा. लग्न कधी लागणार आहे?"

"सायेब निघाल्यात," ते म्हणाले. "पोचतीलच."

साहेब म्हणजे जिल्ह्यातला एक पुढारी. दिरांची कंत्राटं ज्याच्या खुशीवर चालतात असं त्यांना वाटतं. मुहूर्त केव्हाच टळून गेला होता. मुहूर्तासाठी भटजीला तीनदा भेटून वेळ काढून घेणारी माणसं, साहेबांची गाडी इंदापूरच्या पुढं अजून आली नाही असं कळल्यावर गप्प बसतात. मग ग्रहांना थांबायला काही अडचण नसते. स्टेजवर पुतणी शालूत बसली होती, चेहऱ्यावरचा मेकअप गळ्यापर्यंत उतरलेला. नवरामुलगा लिंबू खोचलेली कट्यार हातात धरून शून्यात बघत होता. माईकवरचा निवेदक सांगत होता, "आपण सर्वांनी वातानुकूलित मांडवाचा आनंद घ्यावा."

पुढारी आला. हार, फेटा, शाल. त्यानं माईक घेतला आणि वधुवरांना आशीर्वाद द्यायचे सोडून आपल्या भागात पाणी कसं आलं ते सांगायला सुरुवात केली. पाणी खरंच आलं होतं. आमच्या सगळ्यांच्या पाठीवरून वाहत होतं.

दीर त्याच्या शेजारी उभे होते. मी त्यांच्याकडंच बघत होते, म्हणून मला आधी कळलं. त्यांनी हात वर केला आणि भाषण चालू असताना मोठ्यानं म्हणाले, "ट्रक मागं घे. मागं घे म्हणतो ना!" पुढारी क्षणभर थांबला, हसला, लोकही हसले. कुणाला तरी पार्किंगमध्ये सांगतायत असं सगळ्यांना वाटलं. मग दीर स्टेजच्या पायरीवर बसले, समोर रिकाम्या जागेकडं बघून त्यांनी "आये" अशी हाक मारली, आणि आडवे झाले. त्यांची आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

मी धावले. हात लावला तर कातडी तव्यासारखी. माझ्या आधी तिथं गर्दी पोचली होती, आणि गर्दीत प्रत्येकाला सगळं माहीत होतं. एकानं कांदा आणायला पिटाळलं. दुसरा म्हणाला, फीट हाय, चप्पल नाकाला लावा. तिसऱ्यानं बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायला तांब्या वर केला, तो मी हातानं उडवला. "हवा सोडा!" असं ओरडत प्रत्येक जण आणखी एक पाऊल पुढं येत होता. मागून कुणीतरी ठामपणे सांगितलं की अंगात देव आलाय.

"कोटाची बटणं काढा," मी नवऱ्याला म्हटलं. "फेटा काढा. पाणी आणा, प्यायला नाही, ओतायला."

"चारचौघांत कपडं कसं काढायचं?" कुणा पाहुण्यानं विचारलं.

नवऱ्यानं त्या दिवशी "जाऊ दे" म्हटलं नाही. त्यानं भावाच्या कोटाची बटणं तोडूनच काढली. दोघातिघांनी जारचं पाणी दिरांच्या अंगावर ओतलं. मी पुठ्ठ्यानं वारा घालत होते आणि मला कळत होतं की त्या हवेत वाऱ्याचा काही उपयोग नाही. ते पाणी त्यांच्या अंगावर तसंच बसून राहत होतं.

तेवढ्यात माझी जाऊ आली. कधी गेली ते मला दिसलंही नव्हतं. ताकाच्या पिंपातला बर्फ तिनं पैठणीच्या पदरात भरून आणला होता, पदरातून पाणी गळत होतं. "कुठं लावू?" एवढंच तिनं विचारलं. "काखेत, मानेला, जांघेत," मी म्हटलं. एवढ्या माणसांत तिनं नवऱ्याच्या अंगाला तो बर्फ लावला. एक म्हातारी म्हणाली, "अगं, लाज." जावेनं वर बघितलं नाही.

निवेदक माईकवर सांगत होता, "कृपया सर्वांनी आसनस्थ व्हावं, किरकोळ प्रकार आहे." पुढाऱ्याची माणसं त्याला मागच्या दारानं बाहेर काढत होती.

"पडदे उघडा!" मी ओरडत होते. मांडवातली एवढी धडधाकट माणसं एकमेकांकडं बघत होती. पडदे कुणाच्या परवानगीनं उघडायचे हा प्रश्न होता. कार्यालयाचा मालक जेवायला गेला होता.

आणि स्टेजवरून पुतणी उठली. मुलाकडची एक आजी म्हणाली, "नवरी बोहल्यावरनं उठत न्हाय." पुतणी शालू गुडघ्यापर्यंत धरून खाली उतरली आणि जवळच्या खांबाकडं गेली. गाठी आवळलेल्या, मेंदीच्या हातांनी सुटेनात. तिनं मागं वळून पाहिलं, तर तिच्या मागोमाग नवरामुलगाही आला होता. तिनं त्याच्या हातातली कट्यार घेतली, लिंबू ओढून टाकलं आणि त्या शोभेच्या बोथट पात्यानं करवतीसारखी दोरी कापायला लागली. पहिली दोरी तुटेपर्यंत कुणी हललं नाही. ती तुटली, पडदा धाडकन खाली आला, आणि मग सगळ्यांना आपल्याला हात असल्याचं आठवलं. नवऱ्यामुलानं पलीकडचा पडदा ओढून काढला. एकामागून एक पडदे पडले.

बाहेरचा अडतीसचा वारा आत शिरला, आणि गार लागला. अक्षरशः गार. ओल्या अंगावर फुंकर घातल्यासारखा. दिरांच्या छातीवरचं पाणी वाळायला लागलेलं मला दिसलं. मांडवाच्या मोकळ्या बाजूंना सगळ्यात आधी जाऊन उभे राहिले ते मघाचे कांदेवाले आणि चप्पलवाले. "वारं बरं सुटलंय," एक जण दुसऱ्याला म्हणाला.

रुग्णवाहिका आली. जाऊ, नवरा आणि मी दिरांबरोबर गेलो. वाटेत आम्ही त्यांना भिजवत राहिलो, खिडक्या उघड्या ठेवून. दवाखान्याच्या दारात त्यांनी डोळे उघडले आणि साहेबांचं जेवण झालं का, असं विचारलं.

माझ्या पुतणीचं लग्न मी पाहिलं नाही, तिच्या आईनंही नाही. दवाखान्यातून धोका टळल्याचा फोन गेल्यावर तिकडं उघड्या मांडवात मंगलाष्टका म्हटल्या. दोनच म्हणाव्यात, असं पुतणीनं भटजींना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन दवाखान्यात गेले तेव्हा खोली पाहुण्यांनी भरली होती. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, उष्माघात. भिजवलं नसतं, बर्फ लावला नसता तर गोष्ट वेगळी झाली असती. दीर पाहुण्यांना सांगत होते, "पित्त झालं. सकाळपासनं नुसत्या च्यावर हुतो." पाहुणे माना हलवत होते. पित्तच. आमच्या सोसायटीचे अध्यक्षही आले होते. त्यांना फक्त एकच कोडं पडलं होतं. "अडतीसलाच?" ते मला हळूच म्हणाले. "कमाल आहे." काही लोकांना उत्तर देणं म्हणजे त्यांनी प्रश्न विचारला असं मान्य करणं.

मग पुढारी आला, फळांची करंडी घेऊन, दोन फोटोवाल्यांसह. दिरांनी नर्सकडं कंगवा मागितला. सलाईन लावलेल्या हातानं त्यांनी नमस्कार केला, फोटो निघाला, करंडी पुन्हा एकदा उचलून पुन्हा एकदा दिली गेली कारण पहिल्या फोटोत कुणाचा तरी कोपर आला होता. मृत्यूच्या तोंडातून परत आलेला माणूस इतका खूष मी पहिल्यांदा पाहिला.

मी बाहेर व्हरांड्यात गेले. जाऊ बाकावर बसली होती, कालचीच पैठणी, पदर चुरगळून वाळलेला.

"तुमी ह्यांना काय सांगू नका इथनं पुढं," ती म्हणाली. "न्हाय कळायचं. मला सांगा. आपल्या बंगल्यात बी कूलर हायेत. कवा लावायचं आन् कवा बंद करायचं, एवढं मला सांगा. मी करती."

मी सांगितलं. तिनं एकदाच ऐकलं आणि परत विचारलं नाही.

संध्याकाळी पुतणी आणि जावई आले. दोघांच्या हातांवर हळद तशीच. दिरांनी त्यांच्याकडं बघितलं आणि सुरुवात केली. लग्नात पडदे पाडलेस, बोहल्यावरून उठलीस, कट्यार ओढून घेतलीस, पाव्हण्यांत हसं झालं, साहेब अर्ध्यातून गेले.

पुतणीनं सगळं ऐकून घेतलं. मग खाटेजवळ स्टुलावर बसली.

"पप्पा," ती म्हणाली, "तुम्ही आजीला हाका मारत होता."

दिरांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी आलं. भीतीच असावी. मग अगदी बारक्या आवाजात त्यांनी विचारलं, "काय म्हनत हुतो?"

"आये म्हणाला. एकदाच."

"दिसली हुती का मला?"

"माहीत नाही, पप्पा."

जावेनं पाण्याचा पेला पुढं केला, तो त्यांनी दोन्ही हातांनी धरून प्यायला. मला वाटलं, आता तरी हा माणूस काही बोलेल. मीही स्टूल जवळ ओढलं.

एवढ्यात उशाला ठेवलेला त्यांचा फोन वाजला. नाव बघताच त्यांनी पेला बाजूला ठेवला, घसा साफ केला, उशीवर ताठ झाले.

"न्हाय वो, आण्णा," त्यांचा आवाज पुन्हा नेहमीसारखा खणखणीत झाला. "काय न्हाय झालं. पित्त हुतं जरासं. व्हय, सायेब येऊन गेलं की. स्वतः. फोटू धाडतो."